शून्याखालचं पाणी : उजनीकाठची घरं, टीव्ही आणि मांजर

उजनीवरचं व्याख्यान म्हटलं की त्यात काय काय येणार हे तुम्हाला पाठच असतं. भीमेवरचं धरण, १९६९ मध्ये काम सुरू, १९८० मध्ये पूर्ण, जलाशयाचं नाव यशवंतसागर. मग ऊस, साखर कारखाने, कंदरची केळी, पाण्याची आवर्तनं आणि सोलापूर शहराच्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं याची चर्चा. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण आज आम्ही धरणावरून उतरून काठावरच्या घरात शिरणार आहोत. बोलायचंय ते तीन गोष्टींवर : बाईनं कसं वागावं आणि बाप्यानं कसं वागावं याबद्दलच्या अपेक्षा, टीव्हीचा नाद, आणि घरातलं मांजर. हसू आलं असेल तर हसून घ्या. हा इतिहासाचाच विषय आहे, हे पुढच्या पाऊण तासात पटवून द्यायची जबाबदारी आमची.

सुरुवात मात्र पाण्यापासूनच करू. उजनीची आकडेवारी वाचताना बाहेरचा माणूस गोंधळतो. उन्हाळ्यात बातमी येते, 'उजनी उणे तीस टक्के'. धरण उणे कसं होईल? तर उजनीची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६३ टीएमसी हा मृतसाठा, आणि त्याच्या वरचा साधारण ५३ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या साठ्याची. म्हणजे पातळी शून्यावर येते तेव्हा धरणात अर्ध्याहून अधिक पाणी असतंच, पण हिशेबात ते 'उणे' म्हणून येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. तेव्हा माणसं आणि जनावरं कशावर जगली? याच 'मृत' पाण्यावर.

आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : उजनीकाठच्या समाजाच्या हिशेबालाही अशी एक शून्याची रेघ आहे. जमीन, पाणी, ऊस, जनावरं, पुढारी हे रेघेच्या वर. बायकांची संध्याकाळ, त्यांचा टीव्ही, त्यांचं मांजर हे रेघेच्या खाली. ते मोजलं गेलं नाही, पण घरं त्याच्यावर चालत आली.

आता धरणग्रस्तांच्या कागदांकडे येऊ. बुडीत क्षेत्रातली गावं हलली ती मुख्यतः १९७० च्या दशकात. माढा आणि करमाळा तालुके सोलापूरचे, इंदापूर आणि दौंड पुण्याचे, कर्जत आणि श्रीगोंदा नगरचे. भूसंपादन झालं १८९४ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानं. त्यात मोजणी कशाची? जमिनीची, घराची, विहिरीची, झाडांची. पैसे कोणाला? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला, आणि सातबाऱ्यावर नाव बहुतेक वेळा बाप्याचं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं केली १९९४ मध्ये, देशानं २००५ मध्ये. उजनीचं पाणी तोवर केव्हाच चढून स्थिरावलं होतं. म्हणजे जी बाई त्या घरात रोज सारवत होती, त्या विहिरीचं पाणी डोक्यावरून आणत होती, ती मोबदल्याच्या कागदावर आली तर बहुधा कुणाची तरी बायको किंवा विधवा म्हणून आली.

आणखी एक गोष्ट कागदात नव्हती : माहेर. भीमा ही धरणाआधी उन्हाळ्यात ओलांडता येणारी नदी. अलीकडचं गाव करमाळ्यातलं, पलीकडचं इंदापुरातलं, आणि सोयरिकी दोन्ही काठांच्या. धरण झालं आणि नदीचा समुद्र झाला. समोर दिसणारं माहेर रस्त्यानं जायचं तर शंभराच्या आसपास किलोमीटरचा वळसा, नाहीतर बोट. या बोटींचा प्रवास किती जोखमीचा हे २१ मे २०२४ ला साऱ्या महाराष्ट्राला कळलं. कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि ६ जण बुडाले. पण काठावरच्या लोकांनी, त्यातही माहेरी जाणाऱ्या बायकांनी, ही जोखीम चार दशकं रोजच्यासारखी घेतली होती. तिची नोंद कुठल्या खात्यात करणार?

आता मांजराकडे वळतो. आपल्याकडे म्हणतात, कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं. घर हललं तर कुत्रं मागं येतं, मांजर जुन्या जागी परत जातं. आणि दुसरी समजूत अशी की मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट वाटतात. पण नीट पाहिलं तर बाईकडून समाजाची अपेक्षा नेमकी अशीच दुहेरी आहे. ती घराशी बांधलेली असली पाहिजे, आणि सांगितलं की घर बदलताही आलं पाहिजे. आधी माहेरातून सासरी, मग धरण आलं म्हणून जुन्या गावातून पुनर्वसनाच्या गावठाणात, मग वाटण्या झाल्या की गावातून वस्तीवर. प्रत्येक वेळी चूल नव्यानं मांडायची आणि शेजार नव्यानं जोडायचा. मांजरानं हे केलं की आपण कौतुकानं पाहतो. बाईनं केलं की ते गृहीतच असतं.

भीमेच्या खोऱ्यात मांजराला काम काय होतं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. उजनीच्या वरच्या बाजूला घोड नदी भीमेला मिळते. त्या घोडच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात धान्य साठवायची बळदं आणि कणग्यांच्या बैठका सापडल्या, आणि पुराचं पाणी वळवून नेणारा पाटही सापडला. म्हणजे पाणी अडवणं आणि धान्य साठवणं या दोन्ही गोष्टी या खोऱ्यात फार जुन्या. धान्य आलं की उंदीर आला, आणि उंदीर आला की मांजराला घरात येण्याचं निमित्त मिळालं. जगात इतरत्रही मांजर माणसाजवळ आलं ते धान्याच्या कोठारांमागेच. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं.

सोलापूर हा ज्वारीचा जिल्हा. ज्वारी पेवात, कणगीत, पोत्यात वर्षभर ठेवायची. तिची राखण मांजर करी. पण उजनीचं पाणी आल्यावर ज्वारीचं रान उसाकडे गेलं. ऊस काही घरात साठवत नाहीत, तो कारखान्यावर जातो. रेशनचं आणि विकतचं धान्य आलं, पत्र्याच्या कोठ्या आल्या. मांजराचं जुनं काम कमी झालं. मांजर मात्र गेलं नाही. काठावर मासेमारी वाढली, जाळ्यातून चिलापी निघू लागली, आणि टाकलेल्या मुंडक्यांवर मांजरं पोसली. आणि जिथं मासा नाही अशा घरात? तिथं मांजर राहिलं ते कुणीतरी भाकरीचा काला दुधात कुस्करून ठेवत होतं म्हणून. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे आम्ही सांगायची गरज नाही.

इथं एक बारीक गोष्ट पाहा. बैलाला पोळा आहे, गायीला वसुबारस आहे, नागालासुद्धा पंचमी आहे. मांजराला सण नाही. पशुगणनेत गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या मोजतात, कुत्रीसुद्धा मोजतात, मांजर मोजत नाहीत. उजनीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांची दर हिवाळ्यात मोजदाद होते, फोटो छापून येतात. चुलीजवळचं मांजर कुणाच्याच यादीत नाही. मान नाही, पण थोडं भय आहे. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, ही समजूत तुम्ही ऐकली असेल. त्यामुळे नकोसं झालेलं मांजर मारत नसत, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येत. धरणानंतर ती सोयही राहिली नाही म्हणायची.

आणि भाषा बघा. मराठीत कुणी 'ते मांजर' म्हणतं, कुणी 'ती मांजर'. नर असला की एकदम बोका. बोका म्हटलं की दांडगाई आली, आयतं लोणी खाणं आलं, त्यात थोडं कौतुकही असतं. बाईला 'मांजरासारखी घरोघर फिरते' म्हटलं की सरळ ठपका. घरोघर बोकाच जास्त फिरतो, पण बोलणी मांजरीला.

बाप्यांचीही यात सुटका नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. बाप्यानं बैलाच्या पाठीवर हात फिरवावा, कुत्र्याला शीळ घालावी, कोंबडा लढवावा. मांजर मांडीवर घेऊन बसला तर पारावर चेष्टा ठरलेली. का? कारण मांजराला लळा लावण्यात काही फायदा नाही, ते हुकूम ऐकत नाही. जो हुकूम ऐकत नाही त्याच्यावर माया करणं हे 'बायकी' समजलं गेलं. कितीतरी म्हातारे रात्री सगळे निजल्यावर पायाशी आलेलं मांजर हाकलत नाहीत. फक्त ते दिवसा मान्य करत नाहीत.

आता टीव्ही. १९७२ हे सोलापूर जिल्ह्यातल्या मोठ्या दुष्काळाचं साल. त्याच साली २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं. इकडे बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, तिकडे पडदा उजळत होता. या दोन गोष्टी एका घरात यायला बरीच वर्षं गेली. १९८४ नंतर देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि खेड्यापाड्यांत अँटेना दिसू लागले. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं, २ ऑक्टोबर १९८८ ला 'महाभारत'. रविवारी सकाळी ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी अर्धं गाव. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडायची. पडद्यावर मुंग्या आल्या की एकानं माळवदावर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालून ओरडायचं, 'आलं, आलं... गेलं!' वर चढणारा बाप्या, खालून सांगणारी बहुधा पोरगी किंवा सून. आणि आत चुलीवर भाकऱ्या चालूच. आवाज ऐकायचा, चित्र मधूनच दारातून डोकावून बघायचं. कितीतरी बायकांनी रामायण असं पाठमोरं ऐकलेलं आहे.

टीव्ही घरात आला कसा, याचाही इतिहास आहे. १९६१ चा हुंडाबंदी कायदा कागदावर होता, पण लग्नाच्या याद्यांत सायकल, घड्याळ, रेडिओ असे. पुढे त्या जागी टीव्ही आला. नवरीच्या रुखवतात टीव्हीवर घालायचा क्रोशाचा रुमाल असे, तोही तिनंच विणलेला. म्हणजे टीव्ही आला सुनेबरोबर, आणि रिमोट गेला सासऱ्याच्या उशाशी. पुरुषांनी काय बघायचं? बातम्या, क्रिकेट, कुस्ती. त्याला 'आवड' म्हणत. बायकांनी मालिका बघितली की तो 'नाद', तेच 'येड'. वेळ दोघांचा सारखाच जात होता.

त्या जुन्या डबा टीव्हीवर आणखी एक मालक असे. चित्रनळीचा टीव्ही तापायचा, आणि थंडीत मांजर बरोबर त्याच्यावर जाऊन झोपायचं, शेपूट पडद्यावर सोडून. सीता अशोकवनात आणि वर मांजराची शेपूट, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय ते आत्ता हसत असतील. चपटे टीव्ही आले आणि मांजराची ती जागा गेली.

मालिकांचा खरा जोर आला तो १९९९ नंतर. त्या साली 'अल्फा मराठी' वाहिनी सुरू झाली, 'आभाळमाया' आली. २००१ मध्ये 'चार दिवस सासूचे' सुरू झाली, ती २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. इतक्या काळात काठावरच्या घरात सून आली, तिची सासू झाली नसली तरी मोठी जाऊ नक्की झाली. पण मालिका बघायला वीज लागते. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची. गावठाणाचे फिडर शेतीच्या फिडरपासून हळूहळू वेगळे झाले, तसा गावात संध्याकाळचा टीव्ही स्थिर झाला. शेतातल्या वस्त्या मात्र शेतीच्याच तारेवर राहिल्या. मोटारीची थ्री फेज रात्री यायची, तेव्हा बाप्ये दारं धरायला उसात जायचे. मागं घरात बायका, पोरं, आणि वीज असलीच तर टीव्ही. त्या दोन-तीन तासांत रिमोटवर हात कुणाचा होता, हे आमच्या मते या भागाच्या सामाजिक इतिहासातलं एक लहान पण महत्त्वाचं पान आहे.

त्या वेळेत काय घडत होतं? बोलणं. स्वतःच्या सासूबद्दल उघड बोलायची सोय नाही, पण पडद्यावरच्या सासूला नावं ठेवता येतात. स्वतःच्या नवऱ्यावर संशय बोलता येत नाही, पण 'माझ्या नवऱ्याची बायको' मधल्या नवऱ्याला शिव्या देता येतात, आणि शेजारी बसलेली सासूही त्यात सूर मिसळते. 'होणार सून मी ह्या घरची' मधल्या जान्हवीचं मंगळसूत्र आठवडी बाजारात मिळू लागलं. जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा त्यावरचे विनोद मोबाइलवर फिरवणारे जास्त करून बाप्येच होते. मालिका बघत नाही म्हणणाऱ्यांना कितवा महिना हे बरं माहीत होतं!

पण आम्ही मालिकांची आरती ओवाळायला आलेलो नाही. मालिकेनं अपेक्षा सैल केल्या की घट्ट केल्या, हा प्रश्न जुना आहे. १९८४-८५ ची 'हम लोग' ही मालिका कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा हे विषय मनात धरूनच आखली होती. तिच्यातली सोशीक आई भागवंती हिचे हाल बघून लोकांनी धडा घ्यावा, अशी कल्पना होती. अभ्यासकांना दिसलं की बऱ्याच प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. उलट रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा २००९ मधला अभ्यास आहे. केबल आलेल्या भारतीय खेड्यांत, नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण आणि मुलगाच हवा हा आग्रह, दोन्ही कमी झालेले त्यांना दिसले. त्या अभ्यासात महाराष्ट्र नव्हता, म्हणून तो इथं जसाच्या तसा लावू नये. पण दोन्ही मिळून एवढं सांगतात की बघणारी बाई मुकाट बसलेली नसते. दाखवणाऱ्यानं जे ठरवलं त्यापेक्षा वेगळं काहीतरी ती उचलते.

'होम मिनिस्टर' घ्या. २००४ पासून हा कार्यक्रम घराघरांत गेला. आदेश बांदेकर 'भावोजी' म्हणून उंबऱ्यात आले, आणि घरातल्या बाईला कॅमेऱ्यासमोर बोलायला मिळालं. एरवी पाहुणे आले की ती आत असे. इथं पाहुणा तिच्यासाठीच आला होता. पण तिला पहिली मागणी काय? उखाणा, म्हणजे नवऱ्याचं नाव. बक्षीस काय? पैठणी. तिला दारं उघडली गेली ती स्वयंपाकघराच्या बाजूनंच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकदम मनात धरता आल्या पाहिजेत.

वेगळं चित्र दिसलं ते मालिकेत नव्हे, सिनेमात. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ मध्ये आला, आणि त्याचं बरंच चित्रीकरण याच तालुक्यात झालं. त्यातली आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते. साऱ्या महाराष्ट्रानं टाळ्या वाजवल्या. पण शेवट काय होतो तेही सगळ्यांनी पाहिलं. आपल्या काठावरच्या पोरींनी ट्रॅक्टर लक्षात ठेवायचा की तो शेवट, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

आता या तिन्ही गोष्टी एकत्र बांधू. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. पुरुषांत असं काम करणारेच मुळात थोडे. तरी जनगणनेत केवळ घरकाम करणाऱ्या बाईची नोंद होते 'काम न करणारी' म्हणून. उणे पातळीतलं पाणी म्हणतात ते हेच!

या पाच तासांच्या कामानंतर जो अर्धा तास उरतो, त्यात टीव्ही आहे आणि मांजर आहे. दोन्हीकडून काही मिळकत नाही. दोन्हीबद्दल टोमणे ऐकावे लागतात. पण दिवसभर जे काही करायचं ते दुसऱ्यासाठी, असं ज्या बाईला शिकवलं, तिनं केवळ स्वतःला आवडतं म्हणून ठेवलेल्या या दोन गोष्टी आहेत. मांजर तिला आई, सून, वहिनी असं काहीच म्हणत नाही. ते फक्त शेजारी येऊन बसतं. इतिहासाच्या भाषेत सांगायचं तर ही फुरसत तिनं मिळवलेली आहे, कुणी मोजून दिलेली नाही.

म्हणून शेवटी एक विनंती. पाणी खाली गेलं की पळसदेवचं मंदिर उघडं पडतं, आणि आपण सगळे फोटो काढायला धावतो. जरूर जा. पण गावं हलली तेव्हा ज्या विशी-पंचविशीच्या सुना होत्या, त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांची आठवण एकदा गेली की कुठल्याही उन्हाळ्यात वर येणार नाही. त्यांना मोबदला किती मिळाला हे विचारू नका, तो आकडा बहुधा त्यांना कुणी सांगितलेलाच नव्हता. त्यांना विचारा : नव्या गावठाणात पहिली ओळख कुणाशी झाली? पहिल्यांदा टीव्ही कुणाच्या घरी बघितला, आत बसून की दारातून? आणि जुन्या घरातलं मांजर बरोबर आलं होतं का? उत्तर लिहून ठेवा, खाली तारीख आणि गावाचं नाव घाला. पुढच्या वेळी उजनीचा इतिहास लिहायला कुणी बसलं, तर शून्याखाली काय होतं हे सांगणारा निदान एक कागद त्याच्या हातात असेल.

आता प्रश्न घेऊ या.